गुडघा बदलण्याआधी हिप्नोसिसची सेशन्स घेतली, पणजीच्या क्लिनिकबद्दल सविस्तर

ज्यांना गुडघा नाहीतर खुबा बदलायचा आहे, डॉक्टरांनी तारीख दिलीय आणि ती तारीख आठवली की पोटात गोळा येतो अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. पणजीला सांतिनेजमध्ये एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, त्या ऑपरेशनच्या आधी हिप्नोसिसची, म्हणजे संमोहनाची सेशन्स देतात, माझ्या डाव्या गुडघ्याच्या वेळी मी ती घेतली. नाव इथे टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की पेशंटच्या तोंडून जाहिरात नको, पण आपल्या हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारलंत तर अशा कोणाचा तरी पत्ता मिळेल. मत आधीच सांगून टाकते. भीतीसाठी नक्की जा. दुखणं पूर्ण थांबेल म्हणून जाऊ नका, ते थांबत नाही, कमी होतं, आणि कोणाचं किती कमी होईल ते माणसागणिक वेगळं. पाचपैकी चार स्टार देतेय, एक कुठे कापला ते पुढे येईलच.

मी निवृत्त शिक्षिका. प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभं राहण्यात आयुष्य गेलं, दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून हाडाला हाड लागत होतं, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले आता तेल-लेप-इंजेक्शन यात वेळ घालवू नका. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला. ऑपरेशन म्हणून ते चांगलंच झालं, सांधा आजही नीट चालतोय, सर्जनबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यावेळी जी भीती मी काढली ती बाळंतपणातही काढली नव्हती. आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही, सकाळी बीपी इतकं वर गेलं की ऑपरेशन पुढच्या दिवसावर ढकललं, म्हणजे परत एक उपाशी रात्र. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं पण डोकं पूर्ण जागं. समोर हिरवा पडदा आणि पलीकडून करवतीचा आवाज, हातोडीचे ठोके. दुखत काही नाही पण ठोका बसला की सगळं अंग टेबलावर हलतं ते कळतं. मी विचारलं काय चाललंय तर कोणीतरी म्हणालं "कांयच जावचें ना" (काही होणार नाही) आणि परत आपापसात जेवणाच्या गप्पा सुरू. आधी कोणी सांगितलं असतं की बाई असे असे आवाज येतील, ते नॉर्मल आहेत, तर किती फरक पडला असता. हॉस्पिटलवाल्यांनी एवढी पाच मिनिटं पेशंटला द्यायला काय हरकत आहे.

आणि खरा त्रास त्यानंतर होता. ज्यांनी हे ऑपरेशन केलंय त्यांना माहीत आहे, सांधा बसवणं सर्जनच्या हातात, तो वाकवणं आपल्या हातात. फिजिओ येऊन टाचेखाली हात घालायचा आणि माझी मांडी त्याने हात लावायच्या आधीच दगड व्हायची. मांडी आवळली की गुडघा वाकत नाही, जोर करून वाकवला की जास्त दुखतं, आणि एकदा तसं दुखलं की दुसऱ्या दिवशी तो नुसता दारात दिसला तरी मांडी आवळलेली. नव्वद डिग्री पहिल्या दोनेक आठवड्यांत यायला हवं म्हणतात, मला त्याला फार म्हणजे फार वेळ लागला. म्हणून डाव्याचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. दोन वर्षं तशीच त्या पायावर लंगडत काढली, म्हार्दोळच्या देवळाच्या पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून एकेक चढायची.

माझी भाची फिजिओथेरपी शिकलीय, तिने सांगितलं मावशी आता यावर मानसिक तयारी करून देणारे लोक आहेत, जाऊन तर बघ. नव्या सर्जनला विचारलं, ते म्हणाले अवश्य जा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेवढं कळवून ठेवा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना माहीत असायला हवं, लपवून करायची ही गोष्ट नाही आणि बीपी-शुगरच्या गोळ्या यापायी बंद करायच्या नाहीत.

आता क्लिनिक. पहिला धक्का म्हणजे दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटसाठी सेवा देताय आणि दोन जिने! मी फोंड्याहून कदंबच्या बसने पणजी गाठायची, स्टँडवरून रिक्षा, आणि मग ते जिने, वर पोचेपर्यंत गुडघा असा ठणकायचा की पहिली दहा मिनिटं नुसती बसून राहायची. कापलेला स्टार तो हाच. त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं, मधली काही सेशन्स व्हिडिओ कॉलवर करून दिली. पण माझ्या मते पहिलं आणि ऑपरेशनच्या आधीचं शेवटचं समोरासमोरच घ्यावं, फोनच्या स्क्रीनवर ते तितकं लागत नाही, मध्येच नेटवर्क गेलं की तंद्री मोडते.

बाईंचं शिक्षण विचारून घ्या, मी घेतलं. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं, हिप्नोसिसचं ट्रेनिंग वेगळं. हे महत्त्वाचं अशासाठी की केंद्रीय आरोग्य खात्याने २००३ साली हिप्नोथेरपीला मान्यता देताना स्पष्ट म्हटलंय की ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करावी, पण प्रत्यक्षात कोणीही बोर्ड लावतो. आपल्याकडे उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर तर वीकेंडचं पॅकेज मिळतं, पूर्वजन्म दाखवतो, एका बैठकीत सगळे आजार घालवतो. जो माणूस म्हणेल भूल नको, गोळ्या बंद करा, मी बघून घेतो, त्याच्या दारातूनच परत फिरा.

पहिल्या सेशनला हिप्नोसिस नाहीच झालं. नुसते प्रश्न. फिट येतात का, कधी मानसिक आजाराची औषधं घेतली का, भास होतात का, ऐकू नीट येतं का. (गंभीर मानसिक आजार असेल तर त्या हे करत नाहीत, आधी मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतात, ही गोष्ट मला फार आवडली.) मग विचारलं की बाई नक्की कशाची भीती वाटते. मी म्हटलं ऑपरेशनची. त्या म्हणाल्या ऑपरेशन म्हणजे काय काय, एकेक सांगा. सुई? बेशुद्ध होणं? मरण? आवाज? आणि सांगता सांगता माझं मलाच उमगलं की मरणाचं मला काही वाटत नाही, सुईचंही नाही, मला भीती आहे हातोडीच्या आवाजाची आणि त्यानंतर पहिल्यांदा गुडघा वाकवतात त्या क्षणाची. एवढ्याच दोन गोष्टींची. त्यांनी ते माझ्याच शब्दांत लिहून घेतलं आणि पुढचं सगळं काम त्या दोन गोष्टींवर झालं. घरचे दोन वर्षं म्हणत होते घाबरू नकोस, पण कशाला घाबरतेस हे कोणी असं बसून विचारलं नव्हतं.

एक छोटी परीक्षाही घेतली. डोळे मिटून हात पुढे करायला लावले, एका हाताला फुगे बांधलेत, दुसऱ्यावर जाड पुस्तक ठेवलंय अशी कल्पना करा. डोळे उघडले तेव्हा दोन हातांत चांगलं वीतभर अंतर पडलं होतं. त्यांनी समजावलं की शंभरातल्या दहा-पंधरा लोकांना संमोहन फार पटकन आणि खोल लागतं, साधारण तेवढ्यांनाच जवळजवळ लागत नाही, बाकी बहुतेक सगळे मधले. मी मधली. हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितलं हे नोंदवून ठेवते. न लागणाऱ्यांना त्या श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम देतात, उगाच सेशन्स वाढवत नाहीत.

खरं संमोहन म्हणजे काय ते आता लिहिते कारण लोकांच्या डोक्यात नाटकातलं आणि जादूच्या प्रयोगातलं चित्र आहे, डोळ्यांत बघायचं आणि माणूस पडला. तसं काही नाही. आरामखुर्ची, पायाखाली उशी, समोरच्या भिंतीवर एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड झाल्या की मिटायच्या. त्यांनी विचारून ठेवलं होतं की तुमच्या मनाला शांत वाटणारी जागा कुठली, समुद्रकिनारा का? मला समुद्राचं काही नाही, माझं माहेर सावईवेऱ्याचं, माझी जागा आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळी-मिरीची बाग. तर त्या मला कुळागरात घेऊन गेल्या. कोकणीतून बोलत होत्या, हळू, मध्ये थांबत. पोफळींतून येणारी उन्हाची तिरीप, मिरीचे वेल, पायाखाली ओली माती, कुठेतरी केळीचं पान फाटल्याचा आवाज, आणि पोफळींच्या मुळांशी सोडलेलं पाटाचं पाणी. मग म्हणाल्या, खाली बसा, आज इथे गुडघे दुखत नाहीत, उजवा हात त्या पाण्यात घाला. झऱ्याचं पाणी किती गार असतं ते ज्यांचं कुळागर आहे त्यांना सांगायला नको. आधी बोटांची टोकं गार झाली, मग तळवा, मग मनगटापर्यंत असा बधिरपणा आला की हात आपला नाहीच. खरोखर आला. मग तो गार हात उचलून गुडघ्यावर ठेवायचा आणि गारवा गुडघ्यात उतरू द्यायचा, आत वाटीपर्यंत. यात काही गूढ नाही, ही हिप्नोसिसमधली जुनी आणि ठरलेली पद्धत आहे, आधी हात बधिर करायचा आणि तो बधिरपणा दुखऱ्या जागी न्यायचा. पण मला बर्फाची पिशवी सांगितली असती तर ते झालं नसतं. पाटाचं पाणी माझ्या हातांना लहानपणापासून माहीत आहे.

आणि या सगळ्यात मी जागी होते. खाली रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न वाजला तो ऐकला, संध्याकाळ झाली हेही कळलं, फक्त त्याचं काही पडलेलं नव्हतं. मनात आलं असतं तर उठून गेले असते. कोणी तुमच्याकडून गुपितं काढून घेत नाही, मनाविरुद्ध काही करायला लावत नाही. ही शंका मला इतक्या बायकांनी विचारली म्हणून मुद्दाम लिहिलं.

हातोडीचं काम त्याच्या पुढच्या सेशनला. त्यांनी आधी मला सगळं ऑपरेशन साध्या भाषेत सांगितलं, मांडीच्या हाडाचं टोक कापून त्यावर धातूची टोपी बसते, नळीच्या हाडावर धातूची थाळी, मध्ये प्लास्टिकचा तुकडा, आणि टोपी घट्ट बसावी म्हणून ठोकतात. मग संमोहनात तेच आवाज परत ऐकवले, तोंडी. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलीय, जुन्या घराचं दार खाली घासतंय, सुतार आलाय, तो ते नीट बसवतोय, तुम्ही आतल्या खोलीत आडव्या पडल्यात, प्रत्येक ठोक्याला दार जास्त नीट बसतंय. ऐकायला फार साधं वाटेल. पण माझ्या डोक्यात हातोडीला जो अर्थ चिकटला होता तो त्या दिवसापासून सुटायला लागला.

घरी ऐकायला रेकॉर्डिंग देतात, रोज एकदा ऐकायचं. पहिलं रेकॉर्डिंग मला अजिबात चाललं नाही. मागे बासरी आणि लाटांचा आवाज, आणि भाषा एकदम पुस्तकी, आपण आता शिथिल होत आहात, आपले स्नायू विश्रांती घेत आहेत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं तरी शिथिल म्हटल्यावर माझी मान ताठच होते. कळवल्यावर त्यांनी दुसरं करून दिलं, संगीत काढून, आम्ही बोलतो तशा भाषेत, आणि लांबीही निम्म्यावर आणली. त्यासाठी जास्त पैसे घेतले नाहीत. तुम्हालाही आवडलं नाही तर गप्प बसू नका, बदलून मागा, कारण ते रोज ऐकण्यावर सगळं अवलंबून आहे. सेशनला जाऊन घरी काही केलं नाही तर पैसे फुकट.

शिक्षिका असल्यामुळे मी थोडं वाचलंही आणि त्यांनाही खूप प्रश्न विचारले, तर विज्ञानाची बाजू काय ते सांगते. १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून संमोहनात सूचना दिल्या की हे तितकं त्रासदायक नाही, आणि मेंदूची चित्रं काढली. चटका किती हे मोजणारा भाग होता तसाच राहिला, पण त्या चटक्याचा त्रास वाटणाऱ्या भागातली हालचाल बदलली. म्हणजे दुखतंय हे कळतं पण ते तितकं अंगावर येत नाही, आणि मला अगदी तसंच झालं म्हणून हा प्रयोग मला फार पटला. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी दोनशे बायकांवर अभ्यास झाला, ज्यांना आधी फक्त पंधरा मिनिटं हिप्नोसिस दिलं त्यांना भुलीचं औषध कमी लागलं, नंतर दुखणं आणि मळमळही कमी. बेल्जियममध्ये लिएजला तर १९९२ पासून काही ऑपरेशन्स संमोहन, जागेवरची भूल आणि थोडं गुंगीचं औषध अशी एकत्र करतात. २०१९ साली ८५ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की ज्यांना संमोहन चांगलं लागतं त्यांचं दुखणं ४२ टक्के, मधल्यांचं २९ टक्के कमी झालं. मात्र ते प्रयोग निरोगी माणसांना मुद्दाम थोडं दुखवून केलेले आहेत, ऑपरेशनच्या जखमेला तो आकडा तसाच लावू नका. गुडघा आणि खुबा बदलण्यावरचे अभ्यास अजून कमी आणि छोटे आहेत. सायकॉलॉजिस्ट बाईंनी हे स्वतःहून सांगितलं. त्याचबरोबर हेही सांगितलं की गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एकजण पुढेही दुखतं म्हणून समाधानी नसतो, आणि ऑपरेशनआधी ज्याला फार भीती असते, जो सारखा वाईटच होणार म्हणून धरून बसतो त्याला नंतर जास्त दुखण्याची शक्यता असते. तेव्हा भीतीवर काम करणं म्हणजे लाड नव्हेत, तो उपचाराचाच भाग आहे, हे माझं ठाम मत झालंय.

आणि गोवेकरांनी तर या विषयाला परकं मानूच नये. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला काळा पुतळा आहे, पडत्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा असलेला पाद्री, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ पासून तिथे आहे. आबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मला, बापाबरोबर लिस्बनला गेला, आणि पुढे पॅरिसमध्ये १८१३ पासून लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग केले. त्याच्या काळात सगळे समजत होते की प्रयोग करणाऱ्याच्या अंगात काही चुंबकासारखी शक्ती असते. फारियाने सांगितलं की माझ्यात काहीही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या तयारीने होतं. आज माझ्या सायकॉलॉजिस्ट बाई पहिल्याच दिवशी हेच वाक्य बोलतात. आणि ती कातर रे भाजीची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे, लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि भीतीने वाचा बसली, तेव्हा बाप खालून आपल्या भाषेत म्हणाला ही सगळी भाजी, कातर रे भाजी, म्हणजे समोरचे हे सगळे लोक भाजीच समज आणि चीर, आणि त्याला कंठ फुटला. मी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली. ऑपरेशनच्या आधी परत आठवली तेव्हा लक्षात आलं की बापाने त्याला शूर हो वगैरे काही म्हटलं नाही, घरच्या ओळखीचं एक वाक्य दिलं फक्त. मला कुळागर मिळालं ते तसंच. आपल्याच देशात हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या डॉक्टरने १८४५ पासून भुलीच्या औषधाशिवाय नुसत्या या पद्धतीवर मोठमोठी ऑपरेशन्स केली होती, पण पुढच्याच वर्षी ईथर आलं आणि हे मागे पडलं. ईथर आलं ते चांगलंच झालं. मला कण्यातलं इंजेक्शनही हवं आणि कुळागरही हवं.

आता प्रत्यक्ष काय झालं. आदल्या रात्री रेकॉर्डिंग लावलं, झोप लागली, मध्ये जाग आली पण परत लागली. सकाळी बीपी थोडं वर पण चालण्यासारखं, ऑपरेशन ठरल्या वेळेला. कण्यात इंजेक्शन देताना वाकून बसायचं असतं, हलायचं नाही, तिथे मी श्वास सोडत हात पाण्यात घातला. इयरफोनची परवानगी आधी मागून ठेवली होती, तुम्हीही ठेवा, ऐनवेळी ओटीच्या दारात ती मिळत नाही. एक कान मोकळा ठेवायला सांगतात. झोपेचं थोडं औषधही दिलं होतं, ते सांगायलाच हवं. ठोके ऐकू आले. सुतार आला. घाबरले नाही. एवढंच सांगते, कारण ओटीत पडून हातोडी ऐकत असताना न घाबरणं माझ्यासाठी केवढं होतं ते मला शब्दात मांडता येत नाही.

रात्र मात्र कठीण गेली. भुलीचा असर उतरला तसं दुखणं वर आलं, दहापैकी आठ म्हणून मी नर्सला सांगितलं. तेव्हा कुळागर बिळागर काही चाललं नाही. दुखणं इतकं वाढलं की मन कुठे लागतच नाही. इंजेक्शन घेतलं, ते पाचावर आलं, मग हात पाण्यात घातल्यावर चारापर्यंत उतरलं आणि पहाटे डोळा लागला. म्हणून सांगते, औषध वेळेवर मागून घ्या, हिप्नोसिस केलंय म्हणून सोसत पडू नका, ती परीक्षा नाही.

सर्वात जास्त उपयोग कुठे झाला म्हणाल तर फिजिओत. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, त्यानंतर गुडघा वाकवायला मुलगा आला, "आंटी, भियेनाकात" (घाबरू नका) म्हणाला. मी त्याला सांगितलं मला अर्धं मिनिट दे. डोळे मिटले, श्वास सोडला, गार हात गुडघ्यावर, आणि श्वास बाहेर जाताना त्याने वाकवला. दुखलं, पण मांडी आवळली नाही. तो स्वतःच म्हणाला, मांडी सैल आहे, छान. पुढे रोज तसंच, बाहेर श्वास तेव्हाच वाकवायचा असं आमचं ठरून गेलं. टाके काढायला गेले तोवर नव्वदच्या जवळ पोचले होते, उजव्याच्या वेळी त्या दिवशी सत्तरही नव्हतं.

याचं सगळं श्रेय हिप्नोसिसला देणं बरोबर नाही. सर्जन वेगळे होते, यावेळी मांडीत नसेचा ब्लॉकही (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला होता जो मागच्या वेळी नव्हता, आणि दुसऱ्या खेपेला माणसाला काय होणार ते माहीत असतं. पण माहीत असणं माझ्या बाबतीत उलटं पडत होतं, मला माहीत होतं म्हणूनच मी दोन वर्षं टाळत होते, आणि ती गाठ त्या क्लिनिकमध्येच सुटली. त्यावर मला शंका नाही.

एक अगदी महत्त्वाचं. बाईंनी हे कागदावर लिहून दिलं होतं आणि नवऱ्याला वाचायला लावलं होतं. पोटरी सुजली, लाल झाली, दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर संमोहनाने ते दाबायचं नाही, लगेच सर्जनला फोन. पायात रक्ताची गाठ होणं, जंतुसंसर्ग होणं हे या ऑपरेशनचे खरे धोके आहेत आणि दुखणं त्याची खूण असू शकते. जी बाई आपल्या उपचाराची हद्द अशी आखून देते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पैशाचं. पहिलं सेशन दोन हजार, पुढची दीड हजार, रेकॉर्डिंग त्यातच. विम्यात माझं काही बसलं नाही, बिल जोडलं होतं पण परत आलं. पेन्शनवाल्यांना हे जड आहे, दोन-तीन जणांचं एकत्र सेशन थोड्या कमी दरात ठेवावं असं मी त्यांना सुचवलंय, भीतीचा भाग एकेकट्याने करावा लागेल पण श्वास आणि स्नायूंचा भाग चारजणी मिळून करायला काय अडचण. फोन उचलायला वेळ लावतात, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी, आणि एकदा मी फोंड्याहून निघाल्यावर वेळ बदलल्याचं कळवलं, तेव्हा मला राग आला होता आणि तो मी दाखवलाही. ऑपरेशननंतर खुशाली विचारायला मात्र स्वतःहून फोन केला होता.

जायचं असेल तर ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा, आदल्या आठवड्यात जाऊन काही जमणार नाही कारण घरी सराव व्हायला हवा. सोबत कोणीतरी न्या, जिन्यासाठीही आणि कारण सेशननंतर थोडा वेळ अंग जड राहतं, लगेच स्कूटर चालवू नये. आपली शांत जागा कुठली ते घरूनच ठरवून जा, मग ते कुळागर असो, तळी असो की माजघराचा कोपरा. आणि फोन कराल तेव्हा खालच्या मजल्यावर बसायची सोय झाली का ते विचारा, शनिवारी ओळखीच्या डॉक्टरांच्या तळमजल्यावरच्या खोलीत पेशंट बघायचा त्यांचा विचार चाललाय असं मला सांगितलं होतं. ते झालं असेल तर माझा पाचवा स्टार त्यांचाच.